पाळण्यातल्या जिवाचा विमा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या चुलतभावाचा मुलगा पंचविशीतला आहे. चिखलीला त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि गावाकडे तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. दिवाळीच्या सुमारास त्याला मुलगी झाली. मुलगी तीन महिन्यांची होते न होते तोच ओळखीतले एक विमा एजंट घरी पेढे खायला आले आणि जाताना एक रंगीत पत्रक ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचा मला फोन. "काका, पोरीच्या नावानं पॉलिसी काढाव म्हणतो. वर्षाचे वीस हजार. काढू का नको, सांगा मंग तुम्ही."

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. एरवी दोन मिनिटांत उत्तर दिले असते. या वेळी दिले नाही. कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी मला विचारला होता, आणि तेव्हा मी दोन मिनिटांतच सांगून मोकळा झालो होतो, "काढ."

ती गोष्ट २००५ सालची. हा पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. त्याच्या नावाने पॉलिसी निघाली, हप्ता वर्षाला ७,२०० रुपये. अर्जात एक रकाना होता. आणखी काही शे रुपये भरले, तर वडिलांचे काही बरेवाईट झाल्यावर पुढचे हप्ते माफ होणार होते. भाऊ म्हणाला, "उगाच खर्च कशाला? मी धडधाकट आहे." मीही मान डोलावली. त्याच्या स्वतःच्या नावावर एक रुपयाचा विमा नव्हता, आणि हे मला विचारावेसेही वाटले नाही. २००७ च्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. चौतीस वर्षांचा होता. तोवर दोन हप्ते भरलेले. तिसरा भरायला घरात पैसा नव्हता. त्या काळी तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय अशा पॉलिसीला काही किंमत येत नसे. ती बंद पडली आणि १४,४०० रुपये गेले ते गेले.

कंपनीने फसवले असे मी म्हणणार नाही. कागदावर लिहिले होते तसेच झाले. कागद मी वाचला तो मात्र भाऊ गेल्यावर.

म्हणून या वेळी मी पोराला म्हटले, पत्रक घेऊन बुलढाण्याला ये. निवांत बसू. त्या बैठकीत जे बोललो ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण घरोघरी हा प्रश्न येतोच, आणि तो नेमका अशा वेळी येतो की माणूस आनंदात असतो.

विम्याच्या अर्जावर तीन माणसे असतात. हप्ता भरणारा तो प्रस्तावक. ज्याच्या जिवाचा विमा उतरवला जातो तो विमाधारक. आणि पैसे ज्याच्या हाती पडायचे तो नामनिर्देशित, ज्याला आपण नॉमिनी म्हणतो. मुलांच्या योजनेत घोटाळा होतो तो पहिल्या दोघांत. 'मुलांचा विमा' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत विमाधारक मूल असते, वडील फक्त पैसे भरतात. दुसरीत विमाधारक आई किंवा वडील असतात आणि मूल लाभार्थी असते. पालक गेले तर रक्कम मिळते, पुढचे हप्ते कंपनी भरते आणि ठरलेल्या वर्षी मुलाला ठरलेला पैसा मिळतो. पत्रकावर दोन्हींकडे हसरे बाळ आणि पदवीदानाची टोपी असते. म्हणून चित्र बाजूला ठेवायचे आणि एजंटला एकच विचारायचे, "साहेब, यात विमा कुणाच्या जिवाचा आहे? उद्या मी नसलो तर हप्ता कोण भरणार?"

आमच्यापुढच्या पत्रकात विमाधारक ती तीन महिन्यांची मुलगी होती.

आता विमा म्हणजे काय, याची शेतकऱ्याला निराळी शिकवण द्यायला नको. पिकाचा विमा तो भरतोच. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात तो एका रुपयात होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा शेतकऱ्याच्या हिश्श्याचा हप्ता भरावा लागतो. पीक चांगले आले म्हणून त्या हप्त्याचे पैसे कुणी परत मागत नाही. आणि विमा उतरवतो तो उत्पन्न देणाऱ्या पिकाचा, बांधावरच्या फुलझाडाचा नव्हे. घरात मूल जाणे याहून मोठे दुःख नाही, हे मी जाणतो, पण विमा दुःखाची भरपाई करू शकत नाही. तो बुडालेल्या मिळकतीची भरपाई करतो. तान्ह्या मुलीच्या मिळकतीवर घर चालत नाही. घर चालते दुकानावर, सोयाबीनवर आणि तिची आई शिवणयंत्रावर जे चार पैसे मिळवते त्यावर.

जिवाच्या विम्याबाबत आपले डोके निराळे चालते, त्यालाही इतिहास आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तीही रेडिओवरून. दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. बँक नव्हती त्या गावात एजंट पोहोचला आणि त्याने लोकांना बचतीची सवय लावली. हे काम मोठेच झाले. पण त्यात विमा म्हणजे बचत, असे समीकरण पक्के बसले. आजही मुदत विमा सांगितला की माणूस विचारतो, "मेलो नाही तर काय मिळणार?"

बाळाच्या पॉलिसीत आणखी एक अट असते, ती फार थोडे लोक वाचतात. महामंडळाच्या 'जीवन तरुण'सारख्या योजनेत मूल आठ वर्षांच्या आतले असेल, तर जोखीम लगेच सुरू होत नाही. पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा मुलाला आठवे वर्ष पूर्ण झाल्यानंतरच्या पॉलिसीच्या वार्षिक दिवसापासून, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ती सुरू होते. त्याआधी मूल दगावले तर भरलेले हप्ते परत मिळतात, तेही बिनव्याजी. आता बघा, लहान मुलाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो पहिल्या वर्षात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. आणि नेमक्या त्याच काळात पॉलिसीला विम्याचे बळ नसते.

ही अट कंपन्यांच्या कद्रूपणातून आली असे नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कामगार घरोघरी मुलांचे विमे उतरवीत, मुख्यतः दफनाचा खर्च निघावा म्हणून. आठवड्याला पेनीभर हप्ता. मग अशी भीती वाटू लागली की विम्याच्या पैशासाठी कुणी मुलाची हेळसांड तर करणार नाही ना. म्हणून १८७५ च्या कायद्याने तेथे मर्यादा घातली. पाच वर्षांखालील मुलाच्या मृत्यूवर सहा पौंडांहून जास्त आणि दहा वर्षांखालील मुलाच्या मृत्यूवर दहा पौंडांहून जास्त रक्कम द्यायची नाही. तान्ह्या जिवावर मोठी रक्कम लावू नये, ही सावधगिरी इतकी जुनी आहे.

पोराच्या मनात खरी भीती दुसरीच होती. "पोरगी आजारी पडली तर?" त्यासाठी हा विमा नव्हेच. तो दवाखान्याचा विमा, आणि मुलांच्या बाबतीत त्याची गरज कितीतरी जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. मी त्याला सांगितले, मुलीचे नाव आधी रेशनकार्डात घाल आणि आरोग्य कार्ड काढून ठेव. मुलीचा जन्मदाखला घरात होता, पण रेशनकार्डात नाव अजून घातलेलेच नव्हते.

उरली ती बचत. एजंटांनी सांगितले होते, "वीस वर्षे वीस-वीस हजार भरा, म्हणजे चार लाख. पोरगी पंचवीस वर्षांची झाली की दुपटीहून जास्त घ्या." हे ऐकायला भारी वाटते. मी कागद-पेन्सिल घेतली. दरवर्षाच्या सुरुवातीला २० हजार, असे २० वर्षे भरले आणि २५ वर्षांच्या शेवटी ८ लाख ८६ हजार मिळाले, तर त्यावर पडलेले व्याज वर्षाला बरोबर ५ टक्के होते. चाराचे पावणेनऊ झाले, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि व्याज मात्र पाचच टक्के! पंचवीस वर्षे हा काळच असा आहे की मंद व्याजानेसुद्धा रक्कम फुगलेली दिसते. बचत आणि विमा एकत्र असलेल्या पारंपरिक पॉलिसींचा परतावा बोनस धरून साधारण पाच-सहा टक्क्यांच्या घरात पडतो, असा माझा आजवरचा हिशेब आहे.

त्याच पैशाचे सुकन्या समृद्धीत काय होते ते पाहू. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतला 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' मोहीम सुरू झाली तेव्हाच ही योजना आली. मोहिमेसाठी मुलींचे प्रमाण घसरलेले जे शंभर जिल्हे आधी निवडले, त्यांत आपला बुलढाणा होता. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा जिल्हा त्या यादीत असावा, याची मला अजून लाज वाटते. असो. सुकन्या खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी पोस्टात किंवा बँकेत काढायचे. वर्षाला किमान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षे भरायचे, खाते २१ वर्षांनी पुरे होते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला. हाच दर कायम राहिला असे धरले, तर वर्षाला २० हजार याप्रमाणे १५ वर्षांत ३ लाख भरून २१ व्या वर्षी साधारण साडेनऊ लाख होतात. दर कमी झाला तर कमी होतील, हेही लक्षात ठेवावे. पण एखाद्या वर्षी सोयाबीनला भाव मिळाला नाही तर अडीचशे रुपये भरून खाते जिवंत ठेवता येते. पॉलिसीच्या हप्त्याला ही सवलत नाही. आपल्या कोरडवाहू मुलखात मला हा गुण व्याजापेक्षाही मोठा वाटतो. मुलगा असेल तर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते आहे, एप्रिल २०२० पासून त्याचा दर ७.१ टक्के आहे.

शिवाय १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी राज्याची 'लेक लाडकी' योजना आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीताईंकडे द्यायचा. पोराचे कार्ड केशरी, आणि अर्ज केलेला नव्हता! वीस हजारांचा हप्ता भरायला तयार झालेला माणूस फुकट मिळणारे लाख रुपये विसरून बसला होता.

सरकारी योजना करणाऱ्यांनीही हा विमा कुणाच्या जिवाचा असावा याचा विचार केलेला दिसतो. महाराष्ट्रात १ जानेवारी २०१४ पासून 'सुकन्या' नावाची योजना होती, जी पुढे 'माझी कन्या भाग्यश्री'त विलीन झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरात मुलगी जन्मली की तिच्या नावाने २१,२०० रुपये आयुर्विमा महामंडळाकडे ठेवायचे आणि अठराव्या वर्षी तिला एक लाख द्यायचे. पण विमा उतरवला होता तो पालकाचा. कमावता पालक नैसर्गिकरीत्या गेला तर ३० हजार आणि अपघाताने गेला तर ७५ हजार. टपाल खात्याच्या 'बाल जीवन विमा'ची अटही अशीच बोलकी आहे. ही पॉलिसी ५ ते २० वर्षांच्या मुलांची, जास्तीत जास्त दोन मुलांची. पण ती काढता येते ती पालकाची स्वतःची टपाल विमा पॉलिसी असेल तरच. आणि पालक गेला तर मुलाच्या पॉलिसीचे पुढचे हप्ते भरावे लागत नाहीत. आधी बापाचा कागद, मग लेकराचा.

एवढे ऐकल्यावर पोरगा म्हणाला, "म्हणजे माझीच पॉलिसी काढाव लागते." मी म्हटले, "तुझी आणि सूनबाईचीसुद्धा."

इथून पुढे खरी अडचण सुरू झाली, आणि ती मी लपवणार नाही. शहरातले जाणकार सांगतात, शुद्ध मुदत विमा घ्या, म्हणजे टर्म इन्शुरन्स. पंचविशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला २५-५० लाखांचे संरक्षण वर्षाला काही हजारांत मिळते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही शून्यावर आला आहे. सल्ला अगदी बरोबर. पण अनेक कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात, आयकराचे विवरण मागतात. तीन एकरवाल्याकडे ते कुठून असणार? पोराचे दुकान चांगले चालते, पण विवरण त्याने कधी भरले नव्हते. आणि दुसरी अडचण त्याच्या खिशात होती. खर्रा. अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथे खोटे लिहिले तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी त्या कारणाने दावा नाकारू शकते. खरे लिहिले तर हप्ता वाढतो. मी त्याला म्हटले, खरे लिही. त्याची बायको आतून म्हणाली, "सोडूनच द्या ना मंग." त्या घरात विम्याचा तेवढा तरी फायदा व्हावा.

विवरण भरून दाखला तयार होईपर्यंत काय? पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना आहे. २०१५ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ५०, बचत खाते असले की पुरे. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. हप्ता आधी ३३० होता, जून २०२२ पासून ४३६ रुपये. नव्याने नाव घातल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून अन्य मृत्यूला संरक्षण नसते. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे खाते रिकामे असते, कारण बी-बियाणे आणि खते घ्यायचे ते दिवस. शिल्लक नसल्यामुळे ४३६ रुपये कापले गेले नाहीत आणि विमा तुटला, अशी खाती मी बँकेत असताना पाहिली आहेत. मेमध्ये खात्यात पाचशे रुपये राखून ठेवावेत आणि जूनमध्ये पासबुक भरून नोंद बघावी. घरच्यांना शाखा कोणती, तेही माहीत हवे. ग्रामीण भागात राहणाऱ्यांना टपाल खात्याचा ग्रामीण डाक जीवन विमाही आहे, १९९५ पासून. त्यात बचतीचा भाग असल्याने तो मुदत विम्याइतका स्वस्त नाही, पण पोस्टमन दारात येतो.

आणखी एक गोष्ट कर्ज असलेल्या घरांसाठी. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याच्या कलम ६ नुसार विवाहित पुरुषाने स्वतःच्या जिवावरची पॉलिसी बायकोच्या आणि मुलांच्या लाभासाठी म्हणून घेतली, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरते. सावकार किंवा बँक कर्जापोटी तिच्यावर हात टाकू शकत नाही, अर्थात पॉलिसी देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने घेतलेली नसावी. त्यासाठी पॉलिसी घेतानाच एक जोडपत्र भरायचे असते, नंतर भरून चालत नाही. पीककर्ज आणि दुकानाचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसासाठी हा कागद सोन्यासारखा आहे. नॉमिनी म्हणून अज्ञान मूल लिहिले तर रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्तीही नेमावी लागते, तेही विसरू नये.

मग बाळाची पॉलिसी कधीच घेऊ नये का? तसे नाही. आईवडील दोघांचाही पुरेसा विमा आहे, खाती चालू आहेत आणि हातात पैसा राहिला की खर्च होतो, असे घर असेल तर सक्तीची बचत म्हणून घ्यावी. पण प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ता माफ होण्याचा जोडविमा घेऊनच. त्याचे चारशे-पाचशे रुपये वाचवू नयेत. ज्यांनी पॉलिसी नुकतीच घेतली आहे त्यांना कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ज्यांनी वर्षानुवर्षे भरली आहे त्यांनी माझे ऐकून उद्या मोडायला जाऊ नये. आधी हप्तामाफी आहे का ते बघावे, आता थांबलो तर किती मिळेल ते शाखेतून लिहून घ्यावे, मग ठरवावे.

आमची बैठक चालू असताना पोराची आई कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होती. मध्येच उठून आत गेली आणि पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. २००५ ची पॉलिसी. म्हणाली, "दादा, हा मी फेकला नाही. येताना घेऊन आली. यात यांची सही आहे." कुणालाच काही बोलता आले नाही. पोराने तो हातात घेऊन वाचला, बहुधा पहिल्यांदाच. हप्तामाफीच्या रकान्यात 'नाही' असे लिहिले होते. अक्षर माझे होते. भावाला मराठी लिहिता येत असे, पण इंग्रजी अर्ज मीच भरला होता.

त्या आठवड्यात नवरा-बायको दोघांचे जीवन ज्योतीचे अर्ज बँकेत दिले. पोस्टात मुलीचे खाते निघाले, पहिला भरणा हजार रुपयांचा. अंगणवाडीताईंनी 'लेक लाडकी'चा अर्ज घेतला. आयकर विवरणासाठी तो खामगावच्या एका सल्लागाराकडे जाऊन आला आहे. मुदत विमा अजून व्हायचा आहे, आणि खर्रा, सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे, निम्म्यावर आला आहे. एजंट पुन्हा येऊन गेले. पोराने त्यांना चहा दिला आणि विचारले, "साहेब, माझ्या स्वतःच्या जिवाचं काही असलं तर दाखवा." ते म्हणाले, पुढच्या वेळी पत्रक घेऊन येतो.